आवाज न करता एक फेरी

आमच्या गावचा मातीचा रेस ट्रॅक शेजारी राहायला आलेल्यांनी बंद पाडला. शनिवारी संध्याकाळी गोंगाट होतो म्हणे, धूळ पोहण्याच्या तलावात पडते म्हणे. ट्रॅक माझ्या बापाच्या वेळचा आणि हे लोक कालचे! ट्रॅक गेला, तिथेही घरं उठली आणि त्या वसाहतीला नाव दिलं 'स्पीडवे इस्टेट्स'. एका गल्लीचं नाव 'चौथं वळण', वेगाची मर्यादा ताशी पंधरा मैल. मेली म्हैस मणभर दूध द्यायला लागली होती.

यंदा त्यांना वारसा आठवला. फलक लावायचं ठरलं आणि अनावरणाला डेल्मर ह्रुश्काची जुनी गाडी हवी झाली. डेल्मर त्या ट्रॅकवर सगळ्यात जास्त शर्यती जिंकलेला. आता ऐंशी ओलांडलेली, दोन्ही कान इंजिनांनी खाल्लेले. दुसऱ्याच दिवशी गाडी संग्रहालयात जाणार होती, टाकी रिकामी करून, कायमची. त्याआधी त्या जमिनीवर ती एकदा गरजावी, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा होती.

"इंजिन अजिबात सुरू करायचं नाही," सोसायटीच्या अध्यक्ष पेग वँडरहोफ म्हणाल्या. "लोकांना त्रास होतो."

"मग गाडी हलणार कशी, बाई?" मी विचारलं.

"तुमच्या पिकअपने मागून ढकला. हळूहळू, शांतपणे. किती गोड दिसेल!"

मी डेल्मरच्या कानाशी ओरडलो, "अरे, मागून ढकला म्हणतायत!"

म्हातारा गालात हसला. "बाईंचा शब्द मोडायचा नाही हं, रॉस."

आता, या गाड्यांना चावी नसते की बटण नसतं. मागून पिकअपने रेटायचं, गाडी गिअरमध्ये असली की इंजिन आपोआप सुरू होतं. ट्रॅक चालू होता तोवर दर शनिवारी माझं कामच ते होतं. बाईंनी विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं.

अनावरणाला ॲपल पाय होता, कॉफी होती आणि 'आपली गौरवशाली परंपरा' यावर बाईंचं लांबलचक भाषण. टाळ्या वाजल्या. डेल्मर गाडीत बसला, मी मागून पिकअपचा बंपर टेकवला आणि रेटायला लागलो. मर्यादा थोडी ओलांडली, खोटं कशाला बोलू. 'चौथं वळण'च्या पाटीपाशी गाडी खोकली आणि गरजली.

घरांच्या काचा थरथरल्या. कुत्री पलंगाखाली गेली असावीत. डेल्मर वसाहतीला पूर्ण फेरी मारून आला, माझ्याजवळ थांबला, पण इंजिन बंद केलं नाही. त्याचे डोळे भरले होते, माझेही.

"कंबरेला कळतंय रे," तो ओरडला, "पण आवाज? आवाज पहिल्यासारखाच आहे का?"

सांगून त्याला ऐकू येणार नव्हतं. मी नुसतं बोट दाखवलं. फलकापाशी अध्यक्षबाईंसकट सगळी सोसायटी कानांत बोटं घालून उभी होती.

डेल्मरने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं.

"पहिल्यासारखाच आहे," तो म्हणाला.