घरोघर फिरलेली माळ

साहेब, त्या दोन वस्त्यांची विहीर तुम्ही गिळलीत. सरकारनं पैसा मंजूर केला होता, जागा तेवढी बघायची राहिली होती, आणि तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या ती पचवलीत. खिशात एक पैही घातली नाहीत, हे कबूल. तुमच्यासारख्यांना खिशात घालावं लागत नाही. कोळी सुखी की आगरी सुखी एवढं ठरवायला तुम्ही आलात, आणि ठरवून गेलात. आता नीराबाईचं ऐका. तेव्हा अर्ध्यात उठलात, आता बसा.

नीराबाई न्हाव्याच्या खाडीवरच्या एका लहानशा कोळीवाड्यातली. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळी, आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर पाण्यातला मचवा वळावा. नवरा भिकू दर्यानं नेला त्याला बरीच वर्षं झाली. मागं उरला मुलगा चंदर, आणि आता घरात चंदरची बायको केसर. वाड्याच्या पाठीला मातीचा खारा बांध, आणि बांधापलीकडं आगऱ्यांचा पाडा. कोळ्याचं पोट दर्यावर, आगऱ्याचं खारीच्या भातावर. सुकट बांधावरून पलीकडं जायची, तांदूळ अलीकडं यायचा. आगरणी म्हणायच्या, कोळीण यायच्या आधी तिचा वास येतो. कोळणी म्हणायच्या, आगरणीचे पाय धुतले तर एक वाफा भरेल. एवढं बोलून झालं की दोघी बांधावर टेकायच्या आणि एकीच्या मशेरीच्या डबीत दुसरी बोट घालायची. नीराबाईची अशी जोडीण म्हणजे पाड्यातली ठमाबाई, धर्माजीची बायको.

दोन्हीकडं नव्हतं ते गोडं पाणी. पाड्याच्या तळ्यात म्हशी बसायच्या आणि शिमगा सरला की ते मचूळ व्हायचं. कोळीवाड्यात तर खणावं तिथं खारंच. एक झरा होता, तो डोंगराच्या पायथ्याशी. बांधावरून, पाड्यातून, मग उघडा माळ चढून जायचं आणि करवंटीनं उपसून हंडा भरायचा. केसर पहिल्या खेपेची पोटुशी असताना असाच भरला हंडा घेऊन बांधावर घसरली. पोर गेलं. नीराबाईनं ते स्वतःच्या हातांनी वाळूत पुरलं आणि त्याच हातांनी संध्याकाळी भाकऱ्या थापल्या. आता केसरला पुन्हा दिवस गेले होते. नीराबाई तिला हंड्याला हात लावू देत नव्हती. पण म्हातारी पाटी घेऊन बाजाराला गेली की ही पोर गुपचूप झऱ्याची वाट धरायची. तहान काही सासू परत येईपर्यंत थांबत नाही.

आता माळेचं सांगायला पाहिजे. नीराबाईकडं सोन्याच्या पुतळ्यांची एक माळ होती, सासूकडून आलेली. भिकूचा मचवा बुडाला त्या दिवशी ती माळ जाळ्याच्या सुतापायी गहाण पडली होती. बाईनं एकच मनात घेतलं: माझा गळा उघडा होता, दर्यानं तो बघितला. माळ सुटून आली तेव्हा ती घालायचा हक्कच हिचा संपलेला. मग तिनं ती अख्ख्या वाड्याची करून टाकली. मचवा सुटताना बायका पाळीपाळीनं ती घालून पाण्याला गळा दाखवायच्या. आणि माणूस दर्यावर असताना परका कुणी दारात आला, तर त्याच्यापुढं उघड्या गळ्यानं यायचं नाही, ही नीराबाईची ताकीद. वाड्यातल्या सोनाबाईसारख्या तोंडाळ बाईनंसुद्धा ती कधी मोडली नाही.

अशात साहेबांची दवंडी आली. दोन्ही जमातींची सांपत्तिक आणि सामाजिक स्थिती पाहायला साहेब येणार आहेत, ज्यानं त्यानं घरी हजर राहावं. स्थिती कशासाठी पाहायची ते दवंडीत नव्हतं. विहिरीचं नाव काढायचं नाही अशी पाटलाला वरून तंबी होती. कळलं तर लोक खोटी गरिबी दाखवतील, असा साहेबांचा हिशेब. रयत खोटं बोलणार हे त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं.

तिकडं पाड्यात एकच धावपळ उडाली. साहेब घरात शिरून बघणार म्हणजे शेतसारा वाढणार, याच्यापलीकडं आगऱ्याला दुसरं काय सुचावं? आजवर साहेब दुसऱ्या कशासाठी आलाच नव्हता. धर्माजीनं पितळी हंडे, घागरी, परात आणि बियाण्याच्या भाताच्या गोणी बांधावरून उतरवल्या आणि नीराबाईच्या पडवीत आणून लावल्या. त्याचं बघून पाड्यातल्या घराघरानं आपापल्या कोळ्याचं घर गाठलं. नीराबाई ठमाबाईला म्हणाली, हंडे ठेवतीस ते ठेव, पण नवऱ्याला घेऊन जा, त्याला ठेवायला माझ्याकडं जागा न्हाय. ठमाबाई म्हणाली, त्याला तर साहेबानं नेला तरी मी पावती मागणार नाय.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पांढरी टोपी, पायात बूट, मागं कारकून आणि कारकुनाच्या हातात तक्ता. आधी ते पाड्यात फिरले. मोकळ्या कणग्या, मातीची मडकी, मुद्दाम फाटकी लुगडी नेसून बसलेल्या बाया. साहेबांनी मान हलवली. मग ते बांध ओलांडून कोळीवाड्यात आले. त्या वेळी मचवे सगळे बाहेर गेलेले, पुरुष माणूस असा म्हाताऱ्याकोताऱ्यांशिवाय नाही.

पहिलं घर सोनाबाईचं. तिनं मागल्या दारानं सुनेला, काशीला पिटाळलं आणि नीराबाईकडची माळ आणवली. साहेबांपुढं आली ती गळा भरून. साहेब म्हणाले, लिहा, सोनं आहे. साहेब पुढच्या दाराकडं वळले तशी माळ मागल्या कुडावरून पुढच्या घरात गेली. मग त्याच्या पुढच्या. जिच्या गळ्यात पडली तिला आधीचीच्या घामानं ती ओली लागायची. साहेब पुढून चालत होते, माळ मागून धावत होती, आणि कारकून लिहीत होता. यात फसवायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आपला माणूस पाण्यावर आहे आणि दारात टोपीवाला परका उभा आहे, एवढंच त्या बायांना दिसत होतं.

शेवटी माळ केसरच्या गळ्यात आली. साहेब नीराबाईच्या पडवीत उभे राहिले. हंडे बघितले, परात बघितली, गोणीत छडी खुपसून बघितली. भात कुणाचं, असं त्यांनी विचारलं. आमच्याच घरातलं, असं नीराबाई म्हणाली, कारण ठमाबाईला तसा शब्द दिला होता. साहेब हसले. कारकुनाला म्हणाले, मासे विकून ही माणसं आपल्यापेक्षा चांगली राहतात. केसरनं गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढं केलं. साहेबांनी गूळ तोंडात टाकला, दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी अंगणात फेकलं. ते कुठून आलं हे त्यांनी विचारलं नाही. केसर त्या ओल्या मातीकडं बघत राहिली.

पुढं अमावस्या-पुनव गेली आणि निकाल सांगायला साहेब पाड्याच्या चावडीवर आले. खुर्ची मांडली, दोन्ही वस्त्या जमल्या. कारकुनानं वाचायला घेतलं आणि तेव्हा कुठं लोकांना विहिरीचं कळलं. दोन्ही जमातींत जी गरीब ठरेल तिच्यासाठी विहीर खणायची होती, आणि खर्चाचा तिसरा हिस्सा वस्तीनं द्यायचा होता. कोळी सुखवस्तू आहेत, घरोघर सोनं आहे, सबब त्यांना सरकारी विहिरीची गरज नाही. आगरी इतके निष्कांचन आहेत की तिसरा हिस्सा त्यांच्याकडून वसूल होणार नाही, सबब त्यांना विहीर देऊन उपयोग नाही. मंजूर रक्कम परत जात आहे. कळावे.

धर्माजी खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. म्हातारा रावजी शेजाऱ्याला विचारत राहिला, मग विहीर कुणाला दिली?

नीराबाई गर्दीतून पुढं आली. केसरचा हात धरून तिनं तिलाही पुढं ओढली. त्या दिवशी पाळी केसरची, आणि पुढ्यात साहेब, म्हणून माळ तिच्या गळ्यात होतीच. पोट आता पदराआड मावत नव्हतं. चंदरचा मचवा पाण्यावर होता. सकाळपासून वादळ आणणारा खालचा वारा सुटला होता आणि बायका येताना ढगांकडं बघत आल्या होत्या.

"काढ ती माळ," नीराबाई म्हणाली.

"आये, ते दर्यावर हायेत."

"माजाच पोर हाय तो. काढ."

केसरचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. माळ आपण काढली आणि मचवा आला नाही, तर सून जन्मभर आपल्याला दोष देईल, आणि तिनं काढली तर स्वतःला देईल. हे नीराबाईला कळत होतं. म्हणून तिनं केसरचा हात बाजूला केला, फासा स्वतः सोडला आणि माळ साहेबांच्या मेजावर ठेवली. मागं काशी तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

"ही एकच हाय," नीराबाई म्हणाली. "त्या दिसी तुमच्या म्होरून घरोघर फिरली ती हीच. हिला तुमी सगळ्या वाड्याचं सोनं केलंत."

साहेबांनी माळ बोटानं ढकलून बघितली. मग विचारलं, आणि ते भात? ते हंडे?

इथं नीराबाईला बोलता येत नव्हतं, कारण ती गोष्ट तिची नव्हती. चावडीत सगळे दुसरीकडं बघायला लागले. ठमाबाई उठली. धर्माजीनं तिचा पदर धरला, तो तिनं हिसडला.

"हंडे माजे हायेत," ती म्हणाली. "भातही आमचा. साऱ्याच्या भ्यानं हिच्या पडवीत लपवला. वाढवायचा तर वाढवा सारा, पन हिला सावकारीन म्हनू नका. हिच्या घरात गोड्या पान्याचा एक तांब्या व्हता, त्यो तुमी अंगनात वतलात."

साहेब चिडले. म्हणाले, म्हणजे तुम्ही दोन्ही जमातींनी मिळून सरकारला फसवलंत. कोळ्यांनी नसलेली संपत्ती दाखवली आणि आगऱ्यांनी असलेली लपवली. आता खरं सांगताय कशावरून? शिवाय कागद वर गेला आहे. वर गेलेला कागद खाली येत नाही.

"सायब," नीराबाई म्हणाली, "तुमी सोनं इचारलंत, भात इचारलंत. पानी किती लांब हाय ते एका बाईला इचारलं आसतंत तर आमाला खोटं बोलता आलं नसतं. पान्याचं खोटं कोन बोलंल?"

यावर साहेब उठले. घोडा आणला गेला. माळ मेजावरच राहिली, आणि ती उचलायला बराच वेळ कुणी पुढं झालं नाही. शेवटी ठमाबाईनंच ती पदरात बांधून नीराबाईच्या हातात दिली.

त्या दिवशी चंदरचा मचवा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. केसरनं माळ पुन्हा गळ्यात घातली नाही. घाल म्हणून सोनाबाईनं हातापाया पडून सांगितलं, तर म्हणाली, दर्यानं बघायचं ते बघून झालं, आता लपवून काय करू? नीराबाई किनाऱ्यावर बसून राहिली. तिला भिकू दिसत होता, गहाण पडलेली माळ दिसत होती. बांधापलीकडून ठमाबाई येऊन शेजारी टेकली. डबी पुढं केली. दोघींनी दात घासले आणि दोघी पाण्याकडं बघत बसल्या. नीराबाई एकदाच म्हणाली, या खेपेला मी माज्या हातानं केलं गो. ठमाबाई म्हणाली, मीबी व्हते ना तिथं.

तिसऱ्या दिवशी भरतीबरोबर मचवा आला. शीड फाटलेलं, जाळं गेलेलं, माणसं सगळी. चंदर चिखलात उतरला आणि आधी त्यानं बायकोचा उघडा गळा बघितला, मग आईकडं बघितलं. नीराबाईनं त्याच्या खांद्यावर एक चापट मारली आणि घरी चालायला लागली.

माळ आता खुंटीला असते. विहीर झाली नाही. पाड्याचा सारा मात्र पुढच्याच हप्त्याला वाढला, त्या कामाला कागद बरोबर खाली आला. केसरचे दिवस भरत आलेत. ठमाबाईची लेक कोकिळा रोज दोन हंडे झऱ्यावर भरते, एक आपल्या घरी ठेवते आणि दुसरा बांधाच्या माथ्यापर्यंत आणते. तिथं नीराबाई उभी असते. डोक्यावरून डोक्यावर हंडा जातो, चुंबळसुद्धा तीच, आणि केसर घरात तहानेली राहत नाही. दोघींनी हे कुणाला विचारून केलेलं नाही.

तर साहेब, या हंड्यातलं पाणी अर्ध्या वाटेपर्यंत आगरणीच्या डोक्यावर असतं आणि अर्ध्या वाटेनंतर कोळणीच्या. हंडा धर्माजीच्या घरचा, पिणारी चंदरची बायको. तुमच्या तक्त्यात हे कुणाच्या सुखाखाली लिहायचं? आणि एखाद्या दिवशी त्या बांधावर कुणाचा पाय घसरला, तर ते कुणाच्या नावावर घालायचं? वर गेलेला कागद खाली येत नाही म्हणालात. मग तुम्ही खाली या. त्या बांधावर उभे राहा आणि नीराबाईच्या तोंडाकडं बघून उत्तर द्या.