रुळावर फोडलेला नारळ

आमचं दार तुम्ही बिघडवलंत आणि त्याच दाराचं निमित्त करून पालखी परत नेलीत. गावचे मुख्य मानकरी तुम्ही, तुमच्यासमोर कुणी तोंड उघडत नाही. मी उघडते.

माझ्या नवऱ्याने, अभयने, मुंबईत साहेबाच्या घरी काचेचं सरकतं दार बघितलं आणि गावच्या नव्या घराला तसंच बसवलं. सासूबाई म्हणत होत्या, दाराला कडी हवी, उंबरठा हवा. त्यांचं ऐकतो कोण.

वास्तुशांतीला उंबरठा सापडेना म्हणून भटजी गोंधळले. तुम्ही खाली वाकून, दाराची चाकं जिच्यावरून धावतात त्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बोट ठेवलंत आणि हाच उंबरठा असं ठरवून टाकलंत. वर तिच्यावरच नारळ आपटलात. नारळ तिसऱ्या फटक्याला फुटला. पट्टीला खड्डा पहिल्याच फटक्याला पडला.

तेव्हापासून सासूबाई रोज तिला हळदकुंकू आणि अक्षता वाहतात. उंबरठा म्हटल्यावर वाहणारच. तांदूळ खोबणीत, कुंकू चाकांत, त्यात आरे-वाऱ्याच्या समुद्राकडची खारी हवा. दार आधी कुरकुरलं, मग त्या खड्ड्यापाशी अडून बसायला लागलं. अभयने फोनवरून खोबरेल घालायला सांगितलं. घातलं. कुंकवाचं लोणचं झालं.

शिमग्याच्या तोंडावर, पालखी घरोघर निघायच्या आधी, मी दार उतरवून साफ करणार होते. तुमचा निरोप आला, पालखीत देवाची रूपं लागली, मुखवटे चढले, आता घराचं मुख्य दार काढायचं नाही. हा नियम कुठला, कधीचा, विचारायची सोय नाही.

पालखी अंगणात आली. दार वीतभर उघडलं आणि थांबलं. ढोल वाजतोय, चौघे ढकलताहेत, बाकीचे सल्ले देताहेत. शेजारचे रावजीकाका तर दारालाच गाऱ्हाणं घालायच्या बेतात होते. आत सासूबाई ओटीचं ताट घेऊन, काचेला नाक लावून उभ्या. जन्मभर गळक्या घरात देव आला, एकदा नव्या घरात यावा, एवढंच त्यांचं मागणं. मागल्या दाराने आणा म्हटलं, तर देव मागल्या दाराने जात नाही म्हणालात. त्या फटीतून नारळ मात्र घेतलात. तो बरोबर मावला.

"देवाला खोळंबून ठेवता येत नाय, वैनी," म्हणालात आणि पालखी फिरवलीत.

सासूबाई रडल्या नाहीत. काचेवरचा नाकाचा डाग पदराने पुसत म्हणाल्या, "दर्शने, देव दिसला गो. पण दुकानात मांडल्यासारा दिसला."

मग मी तुमचा नियम मोडला. रावजीकाकांनी एक बाजू धरली. दार वर उचललं, खालून बाहेर ओढलं, निघालं. चाकं धुऊन वाळवली, खोबण जुन्या टूथब्रशने खरवडली, चेपलेली पट्टी पक्कडीने सरळ केली आणि तेलाऐवजी तिच्यावर मेणबत्ती घासली. हळदकुंकवासाठी दाराबाहेर जांभ्या दगडाचा एक चिरा बसवला. सासूबाईंना हा उंबरठा पसंत आहे. दार आता करंगळीने सरकतं.

पालखी अजून खालच्या वाडीत फिरतेय. सासूबाईंनी ताट तसंच भरून ठेवलंय आणि ढोल ऐकू आला की दार सरकवून बघतात. पालखी परत आणताय की नाही? आणि आणलीत तर नारळ कुठे फोडणार, तेही आधी सांगा.