करिश्माचं मेंढरू आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. पण माझ्या गोष्टीआधी चर्चमध्ये मुलांना शिकवणाऱ्या विनिता टीचरांचा यात काय फायदा होता ते सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मुलांच्या खास रविवारी चर्चची भिंत सुरेख सजली, तर नाताळचं नाटक बसवायचा मान त्यांना मिळणार होता. दरवर्षी तो दुसऱ्याच कुणाला तरी मिळायचा.

मी आधी कल्याणच्या बाजारात एका शिंप्याकडे होते. त्याची नजर अधू झाली, तसं त्याने मला विठ्ठलवाडीजवळच्या एका छोट्या चर्चला देऊन टाकलं. तिथल्या संडे स्कूलमध्ये, म्हणजे मुलांच्या बायबल-वर्गात, मला कागदाची गोडी लागली. नोहाच्या तारवातले हत्ती, योनाला गिळणारा मासा, योसेफाचा रंगीत झगा, सगळं मीच कापलं. मुलांना बोथट कात्र्या असत; मी खास टीचरांची. "काय धार आहे हिला!" असं कुणी म्हटलं, की मी उगाचच ताठ व्हायची.

यंदा गोष्ट होती हरवलेल्या आणि मेंढपाळाने शोधून आणलेल्या मेंढराची. कागदाचं मेंढरू कापायचं आणि वर कापूस लावायचा. सगळी मुलं घरी गेली तरी छोटी करिश्मा मान खाली घालून चिकटवतच होती.

शनिवारी टीचर आणि त्यांची धाकटी बहीण संचिता भिंत सजवायला आल्या.

"अगं, करिश्माच्या मेंढराला हे काय लटकतंय? शेपूट?"

"राहू दे ना ताई. पोरांचं काम आहे."

"काम पोरांचं, पण नाव माझं जाणार! लोक म्हणतील, हिला धड कापून घेता पण येत नाही."

टीचरांच्या हातात मी कचकन चालले. लटकणारी कागदाची पट्टी उलटी होऊन खाली पडली. तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने पाच बोटं काढलेली होती. टीचर तोवर पुढच्या मेंढराकडे वळल्या होत्या. मला दिसलं, पण माझ्या तोंडाला फक्त कापताच येतं.

रविवारी करिश्मा आपलं मेंढरू घेऊन माइकसमोर उभी राहिली. "मेंढपाळाने शोधलं, शोधलं, आणि मग..." तिने मेंढरू फिरवून पाहिलं. "टीचर, त्याचा हात कुठाय? त्याने धरलेलं ना याला!"

लोक कौतुकाने हसले.

"मग ते सापडलंच नाही," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

टीचर हसल्या नाहीत. उपासना संपताच त्या केराचा डबा उपसायला धावल्या, पण तो सकाळीच रिकामा झाला होता. मग मला घेऊन त्यांनी नवा हात कापला. अगदी नखांसकट. इतकं जपून मी कधी चालले नव्हते.

करिश्माने तो निरखून पाहिला. "छान आहे. पण हा तुमचा हात आहे, टीचर."

मित्रांनो, दुसऱ्याचं काम नीटनेटकं करायला जाल, तेव्हा आधी ते उलटून बघा आणि ज्याचं आहे त्याला विचारा. आमच्यावर विसंबू नका. कात्रीला नाही म्हणता येत नाही.

भिंतीचं कौतुक झालं. नाटक टीचरांना मिळालं. मला तेलाचा थेंब मिळाला. किंमत मोजली ती करिश्माने: ती आता सांगितलं तेवढंच चिकटवते.