रक्तराज आणि रिद्धीचा लसूण

मित्रांनो, मी कॉमिकचा एक जुना अंक आहे. माझे मुखपृष्ठ गेले आहे, पिना गंजल्या आहेत. माझ्या पानांत रक्तराज राहतो. रक्त पिणाऱ्या पिशाच्चांचा तो सरदार. तेजकवच नावाचा उडणारा वीर त्याला दर अंकात जाळतो नाहीतर समुद्रात बुडवतो, आणि पुढच्या अंकात तो शवपेटीचे झाकण सरकवून हसत उठतो. मुले त्याला घाबरतात. खरे सांगू? मीही घाबरतो. तुम्ही मला मिटून निघून जाता. मग आत काळोखात त्याच्याबरोबर मी एकटाच उरतो.

पुण्याच्या एका छापखान्यातून मी निमगाव सावा येथे हस्तीमलशेठांच्या किराणा दुकानात आलो. तिथे दोरीवर टांगलेलो असे. मुले भाड्याने न्यायची, रक्तराजाचे सुळे पाहून किंचाळायची आणि पुन्हा मलाच मागायची. फार कौतुकाचे दिवस होते ते. मग घरोघरी केबल आली आणि मी साखरेच्या रिकाम्या पोत्यांखाली गेलो. तिथून मला बाहेर काढले ते शेठांच्या नातीने, रिद्धीने. ती तेव्हा तिसरीत होती.

त्याच वर्षी आमच्या भागात बिबटे उसातून वस्त्यांपर्यंत येऊ लागले. एका सकाळी शेजारच्या चिमाजीची शेळी गोठ्यामागे मरून पडली. तिच्या मानेवर सुळ्यांची दोन भोके होती. रिद्धीने ती पाहिली, घरी धावत येऊन माझे पान उघडले. माझ्या चित्रातही मानेवर तशीच दोन भोके होती.

"भैया, रक्तराज खरंच येतो का रे?" तिने मोठ्या भावाला, संयमला विचारले.

"येतो तर! पण ज्या घरात लसूण असतो तिथे नाही शिरत. त्यातच लिहिलंय की."

"आपल्या घरात तर लसूण नसतोच!"

"मग झालं तुझं कल्याण," असे म्हणून तो हसत क्लासला निघून गेला.

शेठांचे घर जैन. जमिनीखाली वाढणारे काही त्यांच्याकडे शिजत नसे. कांदा-लसूण तर उंबरठाही ओलांडत नसे. आणि रिद्धीची आजी कंचनबाई उकाड्यामुळे बाहेर ओट्यावर झोपायची. रिद्धी दिवसभर दादीच्या मानेकडे पाहत राहिली. कोणाला काही बोलली नाही.

दिवस कलला तशी तिने मला हातात गुंडाळून धरले आणि ती उसामधल्या वाटेने कुंडलिक आणि ठमाबाई या शेतकरी जोडप्याच्या मळ्यावर गेली. घरी कोणी नव्हते. पडवीत लसणाच्या जुड्या वाळत टांगल्या होत्या. तिने त्यातली एक काढून घेतली आणि माघारी वळली.

वाट निम्मी झाली असेल. वारा पडलेला होता, तरीही ऊस सळसळला. रिद्धी थांबली. पाचटात दोन डोळे चमकत होते.

रक्तराज तर माझ्या पानांत होता, मित्रांनो. मला तो आत जाणवत होता. मग समोर कोण होते?

माझ्या एका पानावर एक मुलगा गुडघे टेकून लसूण डोक्यावर धरतो आणि रक्तराजाचा धूर होतो. रिद्धीला ते चित्र तोंडपाठ होते. तिने लसूण वर धरला आणि ती गुडघे वाकवू लागली. आणि बिबट्याला तर वाकलेला, बसलेला माणूस सावजासारखा दिसतो! मला ओरडायचे होते. पण कागदाला कसला आवाज? तिच्या घामाने मी भिजलो, तेवढेच.

"ए पोरी, बसू नगं! हुबी ऱ्हा!"

ठमाबाई खुरपणीच्या बाया घेऊन मागून येत होत्या. बायांनी घमेल्यांवर खुरपी बडवायला सुरुवात केली. बिबट्याने एकवार पाहिले आणि तो उसात नाहीसा झाला.

"आगं, ही तर शेठची रिद्धी! येकटी कशाला आलीस गं?"

"लसूण न्यायला."

"तुमच्यात कवापासून खात्यात लसूण?" त्या बायांतली भागू हसली.

"खायला नाही. दादीच्या उशाशी ठेवायला. रक्तराज येऊ नये म्हणून."

भागू आणखीच हसू लागली. "हसतीस काय? पोरगी लई कापतीया," ठमाबाई तिच्यावर खेकसल्या. मग त्यांनी रिद्धीला पोटाशी धरले. "बाय, त्यो बिबट्या व्हता. त्येला लसणाचं काय? त्यो माणसांच्या गलक्याला भितो. येकटं फिरायचं न्हाई, बघ."

ठमाबाईंनी रिद्धीला घरी पोचवून सगळे सांगितले, तेव्हा हस्तीमलशेठ मला चुलीत टाकायला निघाले. कंचनबाईंनी त्यांचा हात धरला. "ते कागद आहेत हो. त्यांच्यावर कशाला राग?" मग त्या रिद्धीला म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पण हसला असता."

संयमची मान खाली होती. मग कंचनबाईंनी ओट्यावरचे अंथरूण आत आणले, दाराला कडी घातली आणि रिद्धीला मांडीवर घेऊन मला पहिल्या पानापासून वाचायला लावले.

मित्रांनो, माझी पाने फाटली तर चिकटवा, ओली झाली तर वाळवा. पण त्याहून मोठे एक मागणे आहे. लहान भावंडाच्या हातात मला एकटे सोडून जाऊ नका, त्याच्याशेजारी बसा. माझ्यात काय चितारलेले आहे आणि बाहेर काय खरे आहे, ते त्याला समजावून सांगा. आणि ते घाबरून काही विचारू लागले, तर हसू नका. हसलात, तर ते तुम्हाला पुन्हा विचारणार नाही. ते एकटेच वाटेला लागेल.