टेकडी सहावरचं नववं काठ-पथक

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नीरथ ग्रहावरच्या टेकडी सहाला पाण्यानं चारी बाजूंनी वेढलं. वर नववं काठ-पथक अडकलं होतं: बारा माणसं, एक किरणतोफ आणि सात जण मावतील एवढा एक तराफा.

नीरथ म्हणजे लोणखेड्यात उमाकांत सरांच्या माडीवरचं टेबल. टेकड्या थर्माकोलच्या, पाणी निळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं, सैनिक एम-सीलचे, अंगठ्याएवढे. दर रविवारी इथं दोन सैन्यं फाशांवर लढत. सर एरवी शाळेची प्रयोगशाळा सांभाळत. इथं ते पंच होते. नववं पथक रविनाचं. ती शहाद्याला वसतिगृहात राहून एम.एस्सी. करत होती. समोरचा लोहसंघ दिनेशचा. तो पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात केमिस्ट होता.

चूक रविनाचीच झाली होती. दिनेश कधीतरी पाणी सोडणार, हे तिनं ओळखलं होतं. म्हणून तर तिनं चार टेहळे बसवले होते. पण चौघेही नदीच्या खालच्या अंगाला तोंड करून. तिचा पाडा मणिबेलीच्या अलीकडे, नर्मदेच्या काठावर. तिथं गुजरातेतल्या धरणाचं पाणी खालून चढतं. आवाज न करता, रोज बोट-दोन बोटं. आधी शेत, मग आंबा, मग ओटा. पाणी वरून लोंढ्यानं येतं, हा दिनेशच्या तापीकाठचा अनुभव. तो तिच्या हिशेबात आलाच नाही. तिसऱ्या फेरीत दिनेशनं वरच्या धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा चारही टेहळ्यांची तिकडे पाठ होती.

“पानी वरथीन येस, रविना,” दिनेश म्हणाला. “तुन्हा टेहळ्या गुजरातकडे तोंड करीसन बठेल शेत.”

“आमच्याकडे तिकडूनच येतं, दिनेशभाऊ.”

सरांनी पट्टी लावली. टेकडी दीड इंच उरली होती, आणि दर फेरीला पाणी अर्धा इंच चढणार होतं. तराफ्याला पलीकडे जायला दोन फेऱ्या लागत. म्हणजे खेप एकच.

“सात जन काढी ले,” दिनेश म्हणाला. “पाच जातीन, पन पथक ते वाची जाई.”

“नाही काढता येणार.” पंच म्हणून बोलताना सर शाळेतली मराठी बोलत. त्यांनी वही उघडली. पहिल्या लढाईआधी खेळाडूनं आपल्या पथकाबद्दल वहीत जे लिहिलं, ते त्याला बंधनकारक, हा या टेबलाचा कायदा होता. सरांनी वाचलं, “‘हे पथक टेकडी सोडतं तेव्हा सगळं सोडतं. एकही माणूस मागे असेल तर तराफा हलत नाही.’ अक्षर तुझं आहे.”

“आठ महिना तू त्यान्हाच फायदा लिधा,” दिनेश म्हणाला.

ते खरं होतं. याच ओळीमुळे नवव्या पथकाला पळून जाण्याचा फासा कधी टाकावा लागला नव्हता. इतर पथकं भेदरून मागे सरकत. हे जागचं हलत नसे.

“शरण गेले तर?” रविनानं विचारलं.

“पथक दिनेशचं. नावं तो ठेवील ती.”

“मी चांगला ठेवसू त्यास्ले. पन दिवलीबाई किरणतोफ चलावस, हाई माले जमाव नही.” या नावांवर दिनेश आठ महिने हसत आला होता. कप्तान करणसिंग, तोफेवर दिवलीबाई, टेहळणीच्या चौघांत आमशा आणि नथ्थू. ग्रहाग्रहांवर लढणाऱ्यांची नावं अशी असतात का, म्हणून.

“आणि तिथंच राहिले तर?”

“बुडतील. पानावर लाल रेघ. त्या नावांचं पथक या टेबलावर पुन्हा उभं राहणार नाही.”

रविना खुर्चीवर बसली. बाराही नावं तिच्या पाड्यावरची होती, घरटी एक. हे तिनं इथं कोणाला सांगितलं नव्हतं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा काही घरं खाली सपाटीवरच्या पुनर्वसन वसाहतीत आली, काही डोंगरावर वर सरकली. करणसिंगकाका खाली आले. तिचे वडील रायसिंग वर राहिले. लग्नाला, मयताला सगळे भेटत, एरवी नाही. टेबलावर तिनं बाराही जणांना एका टेकडीवर आणलं होतं, आणि ती ओळही त्यासाठीच लिहिली होती.

तिचा चेहरा पाहून दिनेशची थट्टा थांबली. “सर, दोन्ही खेळनारा राजी ऱ्हायनात ते ओळ खोडता येस ना?”

“येते.”

“मंग मन्ही ‘हा’ लिखी ल्या. सात जन काढू द्या तिले.”

सरांनी पेन पुढे केलं. रविनानं ते घेतलं नाही. तिनं करणसिंगला उचलून तराफ्यात ठेवलं. मग दिवलीबाईला. मग आमशाला. चौथ्याला हात लावला तो रायसिंग होता. तो तिनं जरा वेळ चिमटीत धरला आणि परत टेकडीवर ठेवला. मग तराफ्यातले तिघेही परत ठेवले.

“सात कोणतेही घे,” सर म्हणाले. “फाशात सगळे सारखेच.”

“हो सर.”

दिनेशची पाळी सहाला होती. कारखान्यात उसाचं गाळप सुरू असल्यानं उशीर चालणार नव्हता. हेल्मेट घेऊन तो दारात घुटमळला, म्हणाला, “मन्ही ‘हा’ शेच,” आणि जिना उतरला.

सरांनी निर्णय दिला: पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या आत चिठ्ठी द्यायची. ओळ खोडली, तर सात नावं लिहायची. शरण जायचं असेल, तर तसं. चिठ्ठी आली नाही, तर पथक टेकडीवर आहे असं धरून फेरी सुरू होईल. मग त्यांनी माडीला कुलूप लावलं.

रविना शुक्रवारी पाड्यावर गेली. मणिबेलीच्या वाटेवर नावेत बसलं की फोन लागत नाही. शनिवारी संध्याकाळी सरांनी तीनदा लावून पाहिला. माडीवर टेकडी सहा अजून दीड इंच पाण्याबाहेर आहे, तराफा रिकामा आहे, आणि चिठ्ठी आलेली नाही.