झाकण काढून मग दिवा

मी एक जुनी साखरदाणी आहे, मित्रांनो. हिरव्या काचेची, दोन कानांची आणि खरं सांगायचं तर थोडी नखरेल. माझ्या बुडाशी एक बारीक सुरकुती दिसते ना, तो तडा नव्हे हं! कारखान्यात वितळलेल्या काचेचा गोळा साच्यात सोडताना कारागिराने तो कात्रीने कापला, त्याची ती खूण. माझी नाळ तिथे कापली म्हणा ना. त्या काचेत एका खनिजाची चिमूट होती. म्हणून अंधारात जांभळा दिवा धरला की मी अशी उजळते, की बघणाऱ्याच्या तोंडून "अगंबाई!" निघालंच पाहिजे.

माझं सख्खं झाकण पहिल्याच घरात गेलं. धुताना थोरल्या सुनेच्या हातून निसटलं, आणि सासूच्या नजरेस पडायच्या आत तिने तुकडे कचऱ्यात घातले. मग माझ्या डोक्यावर कधी बशी, कधी पुठ्ठा. साखर गेली, बटणं आली. बटणं गेली, खिळे आले. शेवटी भंगाराच्या दुकानात एका मोडक्या इस्त्रीच्या शेजारी जाऊन पडले. तक्रार तरी कुणाकडे करणार?

तिथे मला घड्याळजी भेटले. पोटासाठी घड्याळं दुरुस्त करायचे, पण जीव सगळा रंगीत काचेत. त्यांनी मला टिचकी मारून आवाज ऐकला, साच्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं, खिशातला जांभळा दिवा ओंजळीआड पेटवून पाहिला आणि भंगारवाल्याला साळसूदपणे विचारलं, "ही खिळ्यांची बरणी काय द्यायची?" असा पक्का माणूस!

घरी त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला कोमट पाण्याने धुतलं. चारदा पाणी बदललं. पुसता पुसता म्हणाल्या, "अहो, बाकीचा पसारा तुमचा तुम्हाला लखलाभ. ही मात्र माझी. पण झाकणाशिवाय उघडी दिसते हो बिचारी."

"हिचंच झाकण शोधून आणीन," घड्याळजी म्हणाले. "शब्द दिला."

शब्द देऊन बसले खरे, पण नऊ वर्षं दर रविवारी जुना बाजार पालथा घालूनही माझं झाकण काही मिळालं नाही. बाजारात नवे हौशी लोक त्यांच्याभोवती जमायचे. त्यांना ते एकच नियम घोकायला लावायचे, "झाकण काढून मग दिवा! भांडं उजळलं की त्याचा उजेड झाकणात उतरतो आणि साधं झाकणसुद्धा चमकल्यासारखं दिसतं. नियम मोडलात की फसलात." काकूंनाही तो नियम तोंडपाठ होता.

पुढे घड्याळजींचे हात थरथरू लागले. घड्याळाचे स्क्रू चिमटीत राहीनात. आता बाजारात जाणं व्हायचं नाही हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी कुठल्याशा दुसऱ्या भांड्याचं झाकण आणलं. रंग माझाच, माप मात्र जरा मोठं. मग रोज दुपारी काकूंचा डोळा लागला, की मागच्या खोलीत ओल्या पॉलिशपेपरवर ते झाकणाची कड घासत बसायचे. चार घासे मारायचे, माझ्यावर ठेवून बघायचे, मान हलवायचे, पुन्हा घासायचे. असे दोन महिने! काकूंनी विचारलंच, "बोटं का सोलवटलीत एवढी?"

"एक हट्टी घड्याळ आलंय," ते म्हणाले.

मग एका संध्याकाळी त्यांनी पडदे ओढले, झाकण माझ्यावर नीट बसवलं आणि दिवा लावला. आम्ही दोघं हिरवीगार उजळलो. "बघ, एकाच भट्टीतली भावंडं!" ते म्हणाले. काकूंनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. उजेड सगळा माझा होता, मित्रांनो. त्या लबाडीत मी जीव तोडून सामील झाले आणि मला तिची काडीचीही लाज वाटत नाही.

झाकणाशी माझं आधी मुळीच पटलं नाही. आगंतुक मेलं! पण इतकं निमूट बसायचं, की रागवायचं तरी किती? पुढे घड्याळजी गेले. त्या सुन्या घरात माझ्यावरची धूळ त्यानेच झेलली. तेव्हापासून ते मला माझंच वाटतं.

तीन वर्षांनी काकूंचं लेकीकडे राहायला जायचं ठरलं. लेकीचं घर लहान, म्हणून काच विकायला काढली. घ्यायला आली ती भिंगवाली. गळ्यात भिंग, खिशात दिवा, जिभेला हाड नाही, पण व्यवहार चोख. तिने एकेक वस्तू पारखून खोक्यात भरली. मग काकूंनी मला पुढे केलं. "ही विकायची नाही हं. नुसती बघा. आमच्या ह्यांनी नऊ वर्षं शोधून जोडी पुरी केली."

भिंगवालीने सवयीने झाकण काढून बाजूला ठेवलं आणि दिवा लावला. मी उजळले. झाकण तसंच मुकाट, काळं.

"काकू, राग मानू नका. झाकण हिचं नाही."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे शेवटी फसलेच ना हे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना शहाणं करणारा माणूस! कुणी फसवलं असेल हो त्यांना? नको, रोज बघवणार नाही मला. घेऊन जा हिलाही."

"आई, अगं..." सामान बांधायला आलेली लेक म्हणाली. काकूंनी तोंड फिरवलं.

"साखरदाणी घेते. झाकण राहू दे, त्याला कोण विचारतंय," असं म्हणत भिंगवालीने मला कागदात गुंडाळायला घेतलं. एक वेढा, दुसरा वेढा. फटीतून मला टेबलावरचं झाकण दिसत होतं. तीच आमची शेवटची भेट असं मी धरून चालले.

झाकण परत देताना तिचं बोट कडेवरून फिरलं आणि ती थांबली. भिंग डोळ्याला लावलं. "ही कड कारखान्यातली नाही. हाताने घासलीय. बारीक काम आहे, पण हात कापरा होता. काकू, ज्याने हे घासून बसवलं त्याला पक्कं ठाऊक होतं, की हे हिचं नाही."

काकू वळल्या. त्यांनी झाकण हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "हट्टी घड्याळ," त्या पुटपुटल्या. आणि मग एकदम, "अगं, त्या दिवशी झाकण काढलंच नव्हतं त्यांनी! झाकणासकट दिवा लावला! फसले नाहीत ग, मला फसवलं!" त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझ्यावरचा कागद त्यांनी टराटरा फाडला. भिंगवाली खोकी उचलून निघाली.

आता मी लेकीच्या स्वयंपाकघरात खिडकीशी असते. पोटात पुन्हा साखर आहे. कुणी हौशी पाहुणा दिवा घेऊन आला, तर काकू बोट उगारून म्हणतात, "लाव खुशाल. पण झाकण काढायचं नाही."

मित्रांनो, आम्हा जुन्या काचेच्या भांड्यांचं मागणं फार नसतं. कढत पाणी एकदम ओतू नका, आणि एकावर एक रचू नका. आणि एखादं झाकण जोडीचं नाही असं दिसलं, तर टाकण्याआधी त्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवून बघा.