थोड्यातले साठ टक्के

दादाच्या टू-डी इकोच्या कागदावर लिहिलं होतं, हृदयाचं पंपिंग साठ टक्के. कंपनीच्या डॉक्टरनं तेवढंच वाचलं आणि सही ठोकली. क्रेन चालवायला वर चढायला हरकत नाही.

"साठ म्हणजे नॉर्मल की रे!" सुपरवायझर हसला. "दादाला म्हणावं, नाटकं पुरे."

मीही हसलो. खोटं कशाला सांगू? चौदा वर्षं मधुमेहाची गोळी खाणारा माझा सख्खा भाऊ क्रेनच्या उभ्या शिडीवर दोनदा थांबून धापा टाकायचा, आणि खाली सिग्नल द्यायला उभा असलेला मी ओरडायचो, "दादा, चहा वर पाठवू का?"

मग वहिनीचा फोन आला. "भाऊजी, हे आडवे झाले की गुदमरतात. आठ दिवस खुर्चीत बसून झोपतायत. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

कागद घेऊन तपासणी केंद्रात गेलो. इको काढणाऱ्या डॉक्टरीणबाई उखडल्याच.

"दुसरं पान कुणी वाचलंच नाही? साखरेनं हृदय ताठरलंय. दाबायचं काम करतं, पण सैल पडत नाही. सैलच पडलं नाही तर रक्त भरणार कुठे? जे थोडं भरतं, त्यातलं साठ टक्के बाहेर जातं. थोड्यातले साठ! आत न मावलेलं मागे फुप्फुसाकडे तुंबतं. म्हणून दम."

दुसऱ्या दिवशी ते पान सुपरवायझरपुढे ठेवलं. त्यानं नजरही टाकली नाही. "सही आहे ना? मग चढू दे."

दादा शिडीकडे निघाला. मी आवाराच्या मधोमध जाऊन दोन्ही हात आडवे पसरले. ही खूण कुणीही केली तरी आमच्याकडे सगळं काम थांबवावं लागतं. ट्रक थांबले. मागून हॉर्न सुरू झाले.

"हात खाली घे," दादा दात-ओठ खात म्हणाला. "नोकरी घालवशील माझी, गाढवा."

"जाऊ दे."

"आणि घर?"

"बघू. तू वर मेलास तर खाली कसा आणू तुला, ते सांग."

सुपरवायझर शिव्या देत धावत येत होता. दादाचा एक पाय पहिल्या पायरीवर होता. तसाच उभा राहिला, गज धरून. मग पाय खाली घेतला.

"नाही चढवत रे मला," तो पुटपुटला.

सुपरवायझर समोर आला तेव्हा त्याच्याकडे बघून पुन्हा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सहा महिने झाले. मला चढवत नाही."